पिर्लो नक्की करायचा काय?

बाकावरचा
मंडळी एक प्रश्न आहे, हसू नका. मी फुटबॉल नीट बघायला लागलो २०१८ च्या वर्ल्डकपपासून, त्यामुळे इटलीचा मिडफिल्डर आंद्रेआ पिर्लो लाइव्ह कधी बघितलाच नाही, तो २०१७ लाच रिटायर झाला. काल घरात वाद झाला. माझा धाकटा भाऊ म्हणतो इटलीकडून ११६ मॅच आणि गोल किती तर १३, पळायचा नाही, टॅकल करायचा नाही, नुसती दाढी आणि केस, आणि लोक त्याला झिदान-झावीच्या पंगतीला बसवतात. मला उत्तर देता येईना, कारण मी यूट्यूबवर जे बघितलंय त्यात मागे संथ म्युझिक असतं आणि हा एक लांब पास देतो, मग अजून एक लांब पास देतो, की संपला व्हिडिओ. लांब पास तर आजकाल गोलकीपर पण देतात हो!

तर जाणकारांनी जरा प्रकाश टाका, हा माणूस मैदानावर नक्की करायचा काय? आणि एवढा भारी होता तर इंटरने का सोडला, आणि मिलानने फुकटात का जाऊ दिला? भावाला पटेल असं सांगा, तो फक्त आकडे मानतो.

जागरणकर
हा विषय निघाला की मला राहवत नाही, मोठा प्रतिसाद होणार आहे, आधीच सांगतो.

भावाने आकडे बरोबर काढलेत, रकाना चुकलाय. पहिली गोष्ट म्हणजे पिर्लोला गोल मारता येत नव्हते असं अजिबात नाही. ब्रेशियाजवळच्या फ्लेरो गावचा हा मुलगा, १९७९ चा जन्म, १९९५ ला सोळाव्या वर्षी ब्रेशियाकडून सेरी आ मध्ये, म्हणजे इटलीच्या वरच्या लीगमध्ये, उतरला आणि तेव्हा तो चक्क नंबर १० होता, म्हणजे स्ट्रायकरच्या मागे खेळणारा, शेवटचा पास द्यायचा आणि जमलं तर स्वतःच मारायचं. २००० च्या अंडर-२१ युरोच्या फायनलला इटलीने चेक रिपब्लिकला २-१ हरवलं त्यातले दोन्ही गोल पिर्लोचे होते. पण इंटरने १९९८ ला घेतल्यावर तिथे त्या जागेसाठी ही रांग लागलेली, कोच सारखे बदलत होते, आणि पोरगं फार वेगवान नाही, अंगाने दणकट नाही, मग बसवा बाकावर नाहीतर पाठवा लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबला उसना. एक सीझन रेजिनाला काढला, परत आला, परत बाकावर.

मग जानेवारी २००१ ला इंटरने त्याला लोनवर परत ब्रेशियालाच धाडला. आता ब्रेशियाचा नंबर १० तेव्हा कोण होता? रॉबेर्तो बाज्जो, इटलीचा सुपरस्टार! त्याच्या जागेवर कोण बोट ठेवणार? कोच होते कार्लो मात्सोने, म्हाताऱ्याने पोराला सांगितलं की तू मागे जा, डिफेन्सच्या पुढे उभा राहा आणि तिथून खेळव. थोरल्याने माडी घेतली की धाकट्याच्या वाट्याला ओसरी येते तसंच हे. पण ओसरीवरून सगळं अंगण दिसतं ना राव. पुढे असताना त्याच्या पाठीवर कायम एक डिफेंडर चढलेला असायचा आणि वळायला जागा नसायची, मागे आल्यावर अख्खं मैदान डोळ्यासमोर आणि वर दोन सेकंद जास्तीचे. पाय तेच होते, फक्त तीस मीटर मागे नेले.

त्या चार महिन्यांतला एक पास शोधून बघा, १ एप्रिल २००१, युव्हेंटसविरुद्ध तुरीनला. मिडलाइनच्या आसपासून पिर्लोने बॉल उचलून टाकलाय, बाज्जो पळत पळत त्याच्याखाली पोचतो आणि डोक्यावरून उतरणारा बॉल एकाच टचमध्ये युव्हेंटसचा गोलकीपर व्हॅन डर सारच्या बाजूने काढून रिकाम्या जाळ्यात टाकतो. मॅच १-१ सुटली. माझ्या मते पिर्लोची खरी करिअर त्या दिवशी सुरू झाली, त्याआधीची सहा वर्षं नुसती उमेदवारी.

तरीही इंटरने उन्हाळ्यात त्याला विकलाच, तो पण कोणाला तर त्याच स्टेडियममध्ये खेळणाऱ्या मिलानला. इंटरवाले आजही या विषयावर बोलत नाहीत.

चौकटकापी
इंटरवाला हजर आहे. बोलत नाही.

सहावानंबर
जागरणकर यांनी इतिहास सांगितला, मी जरा कामाचं सांगतो. मी हौशी लेव्हलला त्याच जागेवर खेळतो म्हणून थोडं फार कळतं असा माझा समज आहे (टीममधल्या बाकीच्यांचा नाही).

बाकावरचा, तुम्ही व्हिडिओमध्ये बॉलकडे बघताय तिथेच चुकतंय. बॉल यायच्या आधीचे दोन सेकंद बघा. एखादी पूर्ण मॅच लावा, कॅमेरा लांबून असतो ती, आणि फक्त २१ नंबरवर नजर ठेवा. मान सतत फिरत असते, डाव्या खांद्यावरून एकदा, उजव्या खांद्यावरून एकदा, मग दोन पावलं बाजूला, परत मान. डिफेंडरच्या पायातून बॉल सुटतो तोपर्यंत याचं ठरलेलं असतं की पुढे कोणाला द्यायचा. अंग तिरकं करून उभा असतो, समोरचा स्ट्रायकर अंगावर धावत येतो, आणि हा बॉल थांबवतच नाही, स्वतःच्या समोरून दुसऱ्या पायाकडे वाहून जाऊ देतो आणि त्याच दिशेने वळतो, धावणारा जातो पुढे निघून. टॅकल नाही, ड्रिबल नाही, एका माणसाला खेळातून बाद केला आणि कुठल्याच रकान्यात नोंद नाही.

इटालियनमध्ये या जागेला रेजिस्ता म्हणतात, म्हणजे दिग्दर्शक. दिग्दर्शक पडद्यावर कमीच दिसतो.

भावाला आकडे हवेत तर २०१४ च्या वर्ल्डकपची मनौसची मॅच दाखवा, इंग्लंडविरुद्ध, मार्किसिओचा गोल. कॉर्नर शॉर्ट घेतला, बॉल बॉक्सच्या बाहेर पिर्लोकडे आला, इंग्लंडचा माणूस त्याच्यावर धावला आणि याने पाय उचलून बॉल तसाच जाऊ दिला. मागे मार्किसिओ मोकळा, त्याने लांबून मारला आणि गोल. पिर्लोचे टच शून्य. असिस्ट शून्य. पण त्याच्या नुसत्या उभं राहण्यामुळे तो गोल झाला. घ्या आकडा.

अवांतर: मी पण एकदा पिर्लोसारखं खेळायचं ठरवून मॅचभर शांत उभा राहिलो होतो. बॉल यायच्या आधी मान फिरवली, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, फार छान वाटलं, आणि तेवढ्यात बॉल माझ्या दोन पायांच्या मधून मागे गेला. गोल बसला. तेव्हापासून मला टीममध्ये "आंद्रेआ" म्हणतात आणि ते कौतुकाने नाही.

बाकावरचा
हहपुवा, आंद्रेआ!! पण मग टॅकल कोण करायचं? चार माणसं पळणार आणि हा शांत उभा राहणार, हे बाकीच्यांना चालायचं?

सहावानंबर
चालायचं कारण बॉल त्याच्याकडे गेला की परत चांगल्या जागी मिळायचा. पण प्रश्न बरोबर आहे. कोच अँचेलोत्तीने मिलानमध्ये त्याला मागे कायमचा बसवला तेव्हा उजवीकडे गॅटुसो दिला. गॅटुसो म्हणजे नव्वद मिनिटं लोकांच्या पोटऱ्यांच्या मागे लागलेला माणूस. डावीकडे सेडॉर्फ. बॉल हिसकवायचा गॅटुसोने, लगेच शेजारी द्यायचा, आणि डोकं चालवायचं काम पिर्लोचं. हीच जोडी इटलीच्या टीममध्ये पण चालली. त्यामुळे पिर्लो एकटा ग्रेट असं मी म्हणणार नाही, त्याच्यासाठी टीम बांधावी लागायची. गॅटुसो नसता तर कदाचित तो इंटरसारखाच कुठेतरी बाकावर राहिला असता.

लालभडक
आता जरा दुसरी बाजू, नाहीतर आरतीच चालू आहे इथे.

२०१० ला चॅम्पियन्स लीगमध्ये मँचेस्टर युनायटेड विरुद्ध मिलान. युनायटेडचा कोच फर्ग्युसनने पार्क जी-सुंगला एकच काम दिलं, पिर्लोच्या मागे सावलीसारखं फिरायचं, बॉल गेला खड्ड्यात. पहिली मॅच सॅन सिरोवर ३-२, दुसरी ओल्ड ट्रॅफर्डवर ४-० आणि त्यात पार्कने एक गोल पण मारला. पिर्लो दोन्ही मॅचमध्ये हरवलेला. ज्याला बंद करायला एक पळणारा माणूस पुरतो त्याला मी झावीच्या शेजारी नाही बसवणार. झावीला असे कितीजण चिकटले पण तो जागा बदलत राहायचा, कारण तो पळायचा. आणि २००५ ची इस्तंबूलची चॅम्पियन्स लीग फायनल, मिलान विरुद्ध लिव्हरपूल, विसरलात का सगळे? हाफटाइमला ३-० पुढे, शेवटी ३-३, आणि पेनल्टीत पिर्लोची त्यांचा गोलकीपर ड्युडेकने अडवली.

जागरणकर
पार्कचा मुद्दा शंभर टक्के मान्य, त्या दोन मॅच मी बघितल्यात आणि अजून दुखतं. पण लालभडकजी, ज्या माणसाला अडवायला फर्ग्युसन आपला एक अख्खा प्लेअर खर्च करतो तो किती महत्त्वाचा असेल हे पण बघा की. आणि इस्तंबूलला पहिल्याच मिनिटात माल्दिनीने मारलेला गोल कोणाच्या फ्रीकिकवर होता?

त्या पेनल्टीचं मात्र पुढे बघा. इस्तंबूलला चुकली मे २००५ ला. एका वर्षानी बर्लिनला वर्ल्डकप फायनल, फ्रान्सशी १-१, मातेराझ्झीचं हेडर पण पिर्लोच्याच कॉर्नरवर, आणि पेनल्टी शूटआउटला इटलीकडून पहिला कोण आला तर हाच. मारली, सरळ वरती जाळ्यात. पाचच्या पाच गेल्या, ५-३ ने कप. त्या फायनलचा मॅन ऑफ द मॅच पण पिर्लो, झिदानने मातेराझ्झीला डोकं मारलं त्या नादात लोकांच्या लक्षातच नाही. आणि मग २०१२ चा युरो, क्वार्टर फायनल, इंग्लंड. परत पेनल्टी शूटआउट, मॉन्टोलिव्होने बाहेर घालवलेली, इटली मागे, गोलमध्ये जो हार्ट तोंडं वेडीवाकडी करून नाचतोय, आणि हे महाशय सावकाश येतात आणि बॉलला खालून हलकेच उचलून मधोमध टाकतात, पानेन्का! हार्ट बाजूला पडलेला. पुढची इंग्लंडची किक ॲशली यंगने बारवर मारली, त्याच्या पुढची ॲशली कोलची बुफॉनने धरली. ४-२. मी त्या रात्री घरच्यांना उठवलं ओरडून.

डेडबॉल
फ्रीकिकवर कोणी बोललंच नाही म्हणून आलो. सेरी आ मध्ये डायरेक्ट फ्रीकिकवर सगळ्यात जास्त गोल मिहायलोविचचे, २८, आणि त्याच्या मागे पिर्लो, २६. आकडेवाल्या भावाला हा नक्की द्या.

आणि ही कला जन्मजात नाही बरं का. लिऑनचा ज्युनिन्हो कसा मारतो ते बघून बघून त्याने ते उचललं होतं. वळवायच्या किकमध्ये बॉल स्वतःभोवती गरगर फिरतो आणि भिंतीला वळसा घालतो, ते बरेच जण करतात. ज्युनिन्होच्या किकमध्ये बॉल जवळपास फिरतच नाही, वर चढतो आणि मग कोणीतरी दोरा तोडल्यासारखा एकदम खाली पडतो, मध्येच डुलतो पण, त्यामुळे गोलकीपरचा पहिला पाय चुकतो. पायाच्या पुढच्या भागाने, बोटांनी, खालून मारायचा आणि पाय जास्त पुढे न्यायचा नाही. लिहायला सोपं आहे. मी केलंय ट्राय, अंगठ्याचं नख काळं झालं होतं महिनाभर.

२०१३ ला कॉन्फेडरेशन्स कपमध्ये मेक्सिकोविरुद्ध माराकानावर इटलीकडून त्याची १०० वी मॅच होती, त्यात पण फ्रीकिकवरच मारलाय. तो बघा, गोलकीपर उडी मारतो पण त्याच्या चेहऱ्यावरच कळतं की गेला.

बाकावरचा
धन्यवाद सगळ्यांना, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. पण मिलानचं राहिलं ना. दोन चॅम्पियन्स लीग जिंकून दिलेल्या माणसाला फुकट का सोडला?

जागरणकर
जखमेवर मीठ चोळताय, पण सांगतो.

२०१०-११ ला तो बराच काळ दुखापतीत होता. आलेग्री नवीन कोच, त्याला डिफेन्सच्या पुढे अंगापिंडाने भक्कम माणूस हवा होता, जानेवारीत व्हॅन बॉमेल आला आणि ती जागा घेतली, पिर्लो बरा असला की त्याला डावीकडे सरकवायचे. म्हणजे दहा वर्षांनी परत तेच, तुझ्या जागेवर दुसरा आहे, तू बाजूला हो. वर मिलानने ते लीग टायटल जिंकलं, त्यामुळे कोणाला आपण चुकतोय असं वाटायचं कारणच नव्हतं. क्लबचं धोरण होतं की तिशी ओलांडलेल्यांना एकेक वर्षाचाच करार, पिर्लो ३२ चा. युव्हेंटसने तीन वर्षांचा दिला आणि हा गेला, एक पैसा न देता.

युव्हेंटस तेव्हा काय होती? लागोपाठ दोन सीझन सातवी! कोंते नवीन कोच म्हणून आला होता. पिर्लो तिथे गेल्यावर पहिल्याच सीझनला ३८ मॅच, एकही हरली नाही, चॅम्पियन. दुसरे कोण? मिलान. पिर्लोने तिथे चार वर्षं खेळून चारही टायटल घेतली. आणि वरच्या पार्कच्या मुद्द्याचं उत्तर पण कोंतेकडे होतं. आजूबाजूला विदाल आणि मार्किसिओ पळायला, आणि मागून बोनुच्ची, ज्याला स्वतःला लांब पास देता यायचा. पिर्लोला कोणी चिकटलाच तर हा त्या चिकटलेल्याला घेऊन बाजूला फिरायला जायचा आणि मधल्या रिकाम्या जागेतून बोनुच्ची पास काढायचा.

युव्हेंटसकडून शेवटची मॅच २०१५ ची चॅम्पियन्स लीग फायनल, बार्सिलोनाकडून ३-१ हार, तीही बर्लिनला, जिथे वर्ल्डकप उचलला होता त्याच मैदानावर. नंतर मैदानात उभा राहून रडत होता. एवढी वर्षं बघितला पण तो चेहरा आधी कधी दिसला नव्हता.

लालभडक
त्यानंतर न्यूयॉर्कला गेला ते नका सांगू, तिथे तो खरंच नुसता उभाच होता. आणि २०२० ला युव्हेंटसने त्याला डायरेक्ट मेन टीमचा कोच केला, कोचिंगचा अनुभव शून्य. नऊ वर्षं सलग जिंकणारी टीम चौथी आली, ती पण शेवटच्या दिवशी कशीबशी.

डेडबॉल
कोपा इटालिया आणि सुपरकोपा, इटलीचे दोन कप, जिंकला ना पण त्याच सीझनला. लोक ते विसरतात.

चौकटकापी
आणि त्या वर्षी टायटल कोणी नेलं हे पण सांगा की. इंटर! कोच कोंते! एवढं मात्र बोलतो.

सहावानंबर
कोचिंगचं मला नवल नाही वाटलं. तो जे बघायचा ते दुसऱ्याला बघायला शिकवायचं कसं? "मान फिरव" एवढं सांगता येतं, पुढचं माझ्यासारख्याचं काय होतं ते वर सांगितलंच आहे.

बाकावरचा, अजून एकच क्लिप बघा, मग वाद मिटवा. २००६ सेमीफायनल, डॉर्टमुंड, जर्मनी घरच्या मैदानावर, ११९ वं मिनिट, ०-०. कॉर्नर क्लिअर झाला आणि बॉल बॉक्सच्या तोंडाशी पिर्लोकडे आला. इतर कोणीही तिथून धाडकन मारला असता, तीन-चार जर्मन समोर आहेत, मिनिटभराचा खेळ उरलाय, सगळ्यांचे पाय गळालेत. हा बॉल घेऊन गोलला समांतर उजवीकडे चालायला लागतो. एक टच, दोन टच. जर्मन त्याच्याबरोबर सरकतात, सगळे त्याच्याकडेच बघतायत. आणि मग न बघता, त्या सगळ्यांच्या मधून, आत उभ्या असलेल्या ग्रोसोला. ग्रोसोने डाव्या पायाने लांबच्या कोपऱ्यात वळवला. आवाज बंद करून बघा आणि दुसऱ्यांदा बघताना फक्त जर्मन डिफेंडरांचे पाय बघा.

बाकावरचा
आत्ता बघितली. भावाला पण बसवलं शेजारी. चार वेळा लावली, चौथ्या वेळी तो "परत लाव" म्हणाला, मी काही बोललो नाही.

मग जागरणकरांनी सांगितलेला २००१ चा बाज्जोवाला पास पण शोधून लावला. तो बघून झाल्यावर भाऊ उठला आणि म्हणाला, "हा बाज्जो कोण होता रे? भारीच आहे की."